रेशीम, केस आणि त्वचा : आजीच्या मुकट्यापासून आजच्या अभ्र्यापर्यंत

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा आमच्या गटातल्या एकीने वाण म्हणून केसांना बांधायची 'सिल्क'ची रबरे लुटली. गुलाबी, मोरपिशी, आंबा रंगाची, दिसायला मोठी गोड. तिळगूळ तोंडात असतानाच चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाली, रेशमाच्या उशीवर झोपले की केस गळत नाहीत. कोणी म्हणाली, चेहऱ्यावर सुरकुत्या पडत नाहीत. एकीने रेशमाचे प्रथिन असलेले सीरम घेतले होते, त्याची बाटली बाराशे रुपयांची. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या, "तुम्ही रसायनशास्त्र शिकवायचात ना, यात खरे किती?"

त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. कारण या प्रश्नाचा एक धडा मी नुकताच घरी शिकले होते आणि तो फारसा अभिमानाने सांगण्यासारखा नव्हता. पण नंतर तिघी-चौघींनी फोन केले, तेव्हा ठरवले की एकदा नीट लिहूनच काढावे. घरचा धडाही शेवटी सांगेन.

रेशीम म्हणजे नेमके काय

तुतीचा पाला खाऊन वाढणारी अळी साधारण पंचवीस दिवसांत पूर्ण वाढते, मग तोंडाजवळच्या छिद्रातून एक धागा सोडत स्वतःभोवती कोष विणते. हे विणणे दोन-तीन दिवस चालते. एका कोषातून निघणारा धागा अखंड असतो आणि जातीप्रमाणे काही शे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत भरतो. कापसाचा तंतू जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा. कापसाचे असंख्य तुकडे पिळून सूत तयार होते, म्हणून सुती कापडावर बारीक लव राहते. रेशमाचा धागा मुळातच लांब आणि सलग, म्हणून कापड गुळगुळीत. रेशमाच्या उशीचे अर्धे गुपित एवढ्यातच आहे.

हा धागा दोन पदार्थांचा असतो. आत 'फायब्रॉइन' नावाच्या प्रथिनाचे दोन तंतू आणि त्यांना चिकटवून ठेवणारा 'सेरिसिन' नावाचा डिंक. हा डिंकही प्रथिनच. वजनाने साधारण तीन चतुर्थांश फायब्रॉइन आणि पाव भाग सेरिसिन. कोषातून काढलेले कच्चे रेशीम म्हणून कडक आणि निस्तेज असते. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात उकळले की डिंक सुटतो आणि आपल्या ओळखीची चमक वर येते. हे डिंकाचे पाणी कारखाने वर्षानुवर्षे गटारात सोडत आले. अलीकडे त्यातले सेरिसिन वेगळे काढून क्रीम-लोशनमध्ये घालू लागले आहेत. म्हणजे पैठणीच्या धाग्यासाठी नकोसा झालेला भाग आता चेहऱ्याला लावायला विकत मिळतो.

केस आणि रेशीम : एकाच घराण्यातले

आमच्या आजीकडे पूजेचा एक मुकटा होता. सोवळ्याचा म्हणून तो वेगळ्या दांडीवर वाळायचा आणि आम्हा मुलांना त्याला हात लावायची बंदी. तो धुवायचा दिवस मात्र मला लख्ख आठवतो, कारण त्यासाठी रिठे भिजत घातले जायचे आणि उरलेल्या रिठ्याच्या पाण्याने आमचे केस धुतले जायचे. कपड्याच्या वडीला आजी ना मुकट्याजवळ येऊ द्यायची, ना आमच्या डोक्याजवळ.

तिला कारण विचारले असते तर "असेच करतात" एवढेच म्हणाली असती. कारण मला पुढे कॉलेजात कळले. केस केराटिन या प्रथिनाचे असतात, रेशीम फायब्रॉइन या प्रथिनाचे. दोन्ही प्रथिने असल्यामुळे एकाला जे मारते ते दुसऱ्यालाही मारते. कपडे धुण्याचा साबण आणि सोडा अल्कधर्मी असतात. त्यांनी रेशमाची चमक जाते आणि केसांवरची खवले उघडी पडून केस राठ होतात. रिठा आणि शिकेकाई सौम्य, किंचित आम्लधर्मी. म्हणून दोघांनाही मानवतात. पांढरे कपडे शुभ्र करायला आपण जे क्लोरीनचे ब्लीच वापरतो, त्यात सूत तग धरते, पण रेशीम चक्क विरघळते, आणि केसही. कडक ऊन, खूप तापलेली इस्त्री आणि केस सरळ करायची तापलेली पट्टी, यांचेही तसेच.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही : रेशमाच्या साडीशी जसे वागता तसे केसांशी वागा. हा नियम कोणत्याही सीरमपेक्षा जास्त उपयोगी आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मात्र एकाच घराण्यातले म्हणजे एकच नव्हेत. केराटिनला बळ देतात ते गंधकाचे दुवे. फायब्रॉइनमध्ये ते जवळपास नसतात, त्याचा भर ग्लायसिन आणि अॅलनिन या लहान अमिनो आम्लांवर असतो. म्हणून रेशमाचे प्रथिन केसाला लावले की त्याचा केस 'बनतो', असे होत नाही. शेजारच्या घराच्या विटा आपल्या भिंतीला टेकवून ठेवल्या म्हणून आपली भिंत वाढत नाही.

बाटलीतले रेशीम काय करते

अखंड रेशीम पाण्यात विरघळत नाही. शाम्पू किंवा सीरममध्ये घालायचे तर आधी त्याचे बारीक तुकडे करावे लागतात. त्या क्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात, म्हणून लेबलवर 'हायड्रोलाइज्ड सिल्क' असे नाव दिसते. तुकडे अगदी सुटी अमिनो आम्ले होईपर्यंत केले तर 'सिल्क अमिनो अॅसिड्स'. फक्त डिंक असेल तर 'सेरिसिन'. आणि धागा दळून केलेली भुकटी असेल तर 'सिल्क पावडर', ती बहुधा चेहऱ्याच्या पावडरीत तेलकटपणा शोषायला वापरतात.

केसाची बाहेरची बाजू कौलारू छपरासारखी असते, मुळाकडून टोकाकडे एकावर एक खवले बसवलेली. वारंवार रंग, ब्लीच, उष्णता, घासणे यांनी कौले उचकटतात. प्रथिनांचे मोठे तुकडे अशा केसावर पातळ थर देतात. केस थोडा गुळगुळीत होतो, कंगवा सहज फिरतो, चमक दिसते. फार लहान तुकडे खवल्यांतून थोडे आतही शिरतात आणि ओलावा धरून ठेवतात. जितका केस खराब झालेला, तितके हे तुकडे त्याला जास्त चिकटतात. म्हणून ज्यांनी केस रंगवले किंवा सरळ केले आहेत त्यांना फरक जाणवतो, आणि ज्यांच्या केसांना काही झालेलेच नाही त्यांना फारसा जाणवत नाही. एकाच बाटलीबद्दल दोन मैत्रिणींची मते अगदी उलट असतात, त्याचे कारण बहुधा हेच.

पण हा थर पुढच्या एक-दोन धुण्यांत निघून जातो. ही डागडुजी आहे, दुरुस्ती नव्हे. डोक्याच्या कातडीबाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्याला 'पोषण' देता येत नाही, फक्त जपता येते. पोषण लागते ते मुळाला, आणि ते रक्तातून येते, म्हणजे ताटातून.

त्वचेचेही असेच. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात ओलावा धरून ठेवणारे काही नैसर्गिक पदार्थ असतात, त्यांतला मोठा वाटा सुट्या अमिनो आम्लांचा आणि त्यांतही सेरिनचा. सेरिसिनमध्ये हेच सेरिन भरपूर असते. म्हणून सेरिसिन असलेले क्रीम लावल्यावर त्वचा मऊ वाटते, ती काही निव्वळ कल्पना नाही. पण सेरिसिनचे रेणू हजारो डाल्टन वजनाचे असतात आणि धडधाकट त्वचेतून साधारण ५०० डाल्टनच्या वरचे रेणू सहज आत जात नाहीत. तेव्हा सेरिसिन काम करते ते वरच्या वर : ओलावा धरणारा पातळ पापुद्रा म्हणून. 'आत खोलवर जाऊन त्वचा नवी करते' असे कोणी सांगितले तर तो जाहिरातीचा भाग समजावा. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात सेरिसिनचे इतरही गुण दिसले आहेत, पण काचपात्र आणि आपला गाल यांत अंतर असते. ग्लिसरीनही ओलावा धरते आणि स्वस्तात धरते, हे विसरू नये.

लेबल कसे वाचावे

बाटलीच्या मागच्या यादीत घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही लिहिता येतात. रेशमाचे नाव सुगंध आणि रंगाच्या जवळपास, अगदी तळाशी असेल तर ते नावापुरते आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरे, नावात 'सिल्क' किंवा 'सिल्की' असले म्हणून आत रेशीम असतेच असे नाही. बहुतेक सीरममध्ये तो रेशमी सुळसुळीतपणा येतो डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्झेन अशा सिलिकोनमुळे. ते वाईट आहे असे नाही, केसांचा गुंता खरोखर कमी होतो. पण सिलिकोनला रेशमाचा भाव देऊ नये, एवढेच.

तिसरे, 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे समीकरण सोडून द्यावे. जपानमध्ये काही वर्षांपूर्वी गव्हाचे हायड्रोलाइज्ड प्रथिन घातलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अॅलर्जी जडली. कित्येकांना त्यानंतर पाव किंवा नूडल्स खाल्ल्यावर त्रास होऊ लागला. ते गव्हाचे होते, रेशमाचे नव्हे. पण रेशीमही प्रथिनच आहे, आणि रेशीम उद्योगात काम करणाऱ्यांत रेशमामुळे दमा-अॅलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून नवे काही आणले की कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन-तीन दिवस पाहावे. त्वचा फाटलेली, सोललेली किंवा पुरळ उठलेली असेल तिथे प्रयोग करू नयेत.

उशीचा अभ्रा : खरे किती, खोटे किती

आता मुख्य प्रश्न. झोपेत आपण कूस बदलतो तेव्हा केस उशीवर घासले जातात. सुती अभ्र्याच्या लवेत ते अडकतात, ओढले जातात, तुटतात. रेशमावर ते घसरतात. म्हणून सकाळी गुंता कमी होतो, टोकांना फाटे फुटणे आणि मधूनच केस तुटणे कमी होऊ शकते. लांब, कुरळ्या, रंगवलेल्या किंवा म्हातारपणी विरळ झालेल्या केसांना हा फायदा जास्त. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका रेशमी किंवा साटीनचा रुमाल डोक्याला बांधून झोपतात, ही तिथली जुनी रीत आहे. कुरळे केस कसे जपायचे हे त्यांना जाहिरातीने शिकवावे लागले नाही.

आपल्या इंदूरच्या कोरड्या थंडीत आणखी एक गोष्ट दिसते. पॉलिस्टरच्या अभ्र्यावर डोके घासले की केस उभे राहतात, कंगव्याला चिकटतात. केस आणि पॉलिस्टर एकमेकांवर घासले की विद्युतभार जास्त साचतो. केस आणि रेशीम स्वभावाने जवळचे असल्यामुळे त्यांच्यात तो कमी साचतो.

इथपर्यंत ठीक. पण पुढचे दावे एकेक करून पाहू.

'रेशीम ओलावा शोषत नाही, म्हणून त्वचा कोरडी पडत नाही.' हे सरळ चूक आहे. हवेतला ओलावा रेशीम आपल्या वजनाच्या सुमारे अकरा टक्के धरते, सूत सात-आठ टक्के. रेशीम अंगाला सुखद वाटते ते याच गुणामुळे. मात्र रेशमी अभ्रा पातळ असतो आणि त्याला लव नसते, म्हणून रात्री लावलेले क्रीम त्यात कमी पुसले जाते, एवढे म्हणता येईल.

'सुरकुत्या पडत नाहीत.' गालावर सकाळी उमटणाऱ्या घड्या कमी उमटतील. पण कुशीवर झोपल्यावर गालावर जो दाब येतो तो कापड बदलल्याने जात नाही, आणि खऱ्या सुरकुत्यांमागे वय आणि ऊन असते. अभ्र्याच्या पैशात सनस्क्रीन आणले तर चेहऱ्याचे भले जास्त होईल.

'मुरुमे जातात.' असा भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात नाही. अभ्रा कोणताही असो, तो आठवड्याला एक-दोनदा धुतला जातो की नाही, हे जास्त महत्त्वाचे. आणि रेशमी अभ्रा नाजूक म्हणून महिनाभर न धुता वापरला तर उलटच व्हायचे.

'केस गळायचे थांबतात.' याच्याकडे शेवटी येते.

इसब झालेल्या लहान मुलांसाठी

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहिते आहे, कारण आजी-आजोबा नातवंडांसाठी वाटेल तो खर्च करतात. इसब म्हणजे एक्झिमा झालेल्या मुलांसाठी डिंक काढलेल्या रेशमाचे खास कपडे मिळतात आणि ते महाग असतात. ब्रिटनमध्ये एक ते पंधरा वर्षांच्या ३०० मुलांवर याची नीट चाचणी झाली. अर्ध्या मुलांना नेहमीच्या उपचाराबरोबर हे कपडे दिले, अर्ध्यांना फक्त नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी परिचारिकांनी त्वचा तपासली, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा इसब असलेल्या बाळाला मऊ, सैल, सुती झबले, डॉक्टरांनी सांगितलेले मलम आणि भरपूर मॉइश्चरायझर, एवढे पुरेसे आहे. रेशमी झबले हौस म्हणून शिवावे, औषध म्हणून नव्हे.

खरे रेशीम ओळखायचे कसे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण 'साटीन' हे धाग्याचे नाव नाही, विणीचे आहे. साटीन रेशमाचे असू शकते, तसेच पॉलिस्टरचेही. बाजारात 'सिल्क साटीन', 'सॅटिन सिल्क' अशा नावांनी येते ते बहुतेक पॉलिस्टर. संक्रांतीच्या वाणातली ती रबरे तीच होती. देणारीचा दोष नाही, पाकिटावर 'सिल्क' असेच छापले होते.

साधा हिशोब करा. एक किलो कच्च्या रेशमाला सहा ते आठ किलो ओले कोष लागतात आणि त्या कच्च्या रेशमाचा भाव किलोला काही हजार रुपये असतो. शिवाय विणकाम, रंगाई, शिलाई. चांगल्या जाड अभ्र्यात सत्तर-ऐंशी ग्रॅम रेशीम जाते. तेव्हा ३९९ रुपयांत दोन अभ्रे कोणी 'प्युअर सिल्क' म्हणून देत असेल तर त्याचा हिशोब कुठेच बसत नाही.

रेशमी कापडाची जाडी 'मॉमी' या मापात सांगतात. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३ ग्रॅम. अभ्र्याला १९ ते २२ मॉमीचे कापड चांगले, त्याहून पातळ लवकर विरते. विकत घेताना केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून सुरू झालेली 'सिल्क मार्क'ची खूण पाहावी.

घरातल्या घरात जळण्याची परीक्षा घेता येते. शिवणीच्या आतून दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि काडी लावा. रेशीम सावकाश जळते, ज्योत काढली की विझते, केस जळाल्याचा वास येतो आणि काळी राख बोटात चुरडली जाते. पॉलिस्टर वितळते, त्याची कडक गुठळी होते. कापसाला किंवा रेयॉनला कागद जळाल्याचा वास येतो. केसासारखा वास का येतो, हे आता सांगायला नको.

आणि हेही सांगते, ज्यांना फक्त गुंता कमी करायचा आहे त्यांनी पॉलिस्टर साटीन जाणूनबुजून, पॉलिस्टरच्याच भावात घेतले तर काही बिघडत नाही. केस त्यावरही घसरतात. उन्हाळ्यात मात्र घाम येतो.

जुन्या साडीचा अभ्रा

आपल्यापैकी पुष्कळ घरांत एखादी विरलेली रेशमी साडी किंवा फाटका कद ट्रंकेत पडून असतो. त्याचा अभ्रा उत्तम होतो. काही गोष्टी मात्र सांभाळायच्या.

महेश्वर आपल्याला जवळचे, पण महेश्वरी साडीत पुष्कळदा ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो. अभ्र्याला ती चालेल, पण पूर्ण रेशमासारखी घसरणार नाही. टसरचा धागा जाडाभरडा असतो, त्याचा उपयोग नाही. जरीचा काठ, पदर, बुट्टी काढून टाका, जर गालाला आणि केसांना ओरबाडते. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. घडीवर चिरलेले कापड घेऊ नका, दोन धुण्यांत फाटेल. आणि नेसण्याजोगी पैठणी कृपा करून कापू नका, त्यापेक्षा लेकीला द्या.

आपल्याकडच्या नेहमीच्या १७ बाय २७ इंचांच्या उशीला ६५ इंच लांब आणि १९ इंच रुंद तुकडा लागतो, त्यात आतल्या झाकणाची पट्टीही बसते. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे आडवे दोन अभ्रे सहज निघतात. बारीक सुई घ्या आणि दुहेरी शिलाई घाला, म्हणजे सुटे धागे आत राहतात.

धुताना कोमट किंवा गार पाणी, रिठा किंवा केसांचा सौम्य शाम्पू. डाग काढणाऱ्या एन्झाइमच्या पावडरी नकोत. दूध, रक्त, अंडे यांचे प्रथिनांचे डाग पचवणे हे त्यांचे काम असते आणि त्यांना तुमचे रेशीमही प्रथिनच वाटते. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत वाळवा. डोक्याला तेल लावाल त्या रात्री हा अभ्रा काढून ठेवा. ओल्या केसांनीही त्यावर झोपू नका, रेशमावर पाण्याचे डाग पडतात आणि ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो. ओले केस टिपायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा अजूनही सगळ्यांत चांगला.

ज्यांच्यामुळे हे रेशीम मिळते

एक गोष्ट नेहमी सांगतात, की रेशीम काढणाऱ्या बायकांचे हात म्हातारपणीही मऊ राहतात, त्यावरूनच सेरिसिनचा शोध लागला. ऐकायला गोड आहे. पण कोष गरम पाण्यात बुडवून धागा उकलावा लागतो आणि त्या पाण्यात तासन् तास बोटे घालावी लागतात. भारतातल्या रेशीम उद्योगातल्या वेठबिगार मुलांवर ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००३ मध्ये अहवाल काढला, त्यात कढत पाण्याने भाजलेल्या, फोड आलेल्या हातांची वर्णने आहेत. आता यंत्रे आली आहेत, जालन्यासारख्या ठिकाणी कोषांची बाजारपेठ उभी राहिली आहे, मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात तुतीमुळे पैसा आला आहे. तरी मऊ हातांची गोष्ट सांगताना ते दुसरे हातही आठवावेत.

कोषातला जीवही आठवावा. धागा अखंड राहावा म्हणून पतंग बाहेर पडायच्या आत कोष वाफेने किंवा उष्णतेने मारतात. आपल्या शेजारची जैन कुटुंबे याच कारणाने रेशीम टाळतात. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोषांपासून 'अहिंसा सिल्क' विणायला सुरुवात केली. आसाम-मेघालयातल्या एरी रेशमाचा कोष तर एका बाजूने उघडाच असतो. पण असा धागा अखंड नसतो, कातावा लागतो, म्हणून कापड थोडे खरबरीत असते. ज्यांना हा विचार महत्त्वाचा वाटतो त्यांनी रेशमाचा अभ्रा नाही घेतला तरी केसांचे काही अडत नाही.

आणि घरचा धडा

आता राहिलेले सांगते. आमच्या सुनेला बाळ झाले आणि तीन महिन्यांनी तिचे केस गळू लागले. न्हाणीघरात गुंतवळेच्या गुंतवळे. मी तिला सांगितले, बाळंतपणात सगळ्यांचेच गळतात. ते खरेही आहे, बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी गळायला लागतात आणि वर्षभरात बहुतेकींचे पूर्ववत होतात. तिने रेशमाचा अभ्रा मागवला, रेशमाच्या प्रथिनाचे सीरम मागवले, सगळे मिळून चारेक हजार गेले. मी रोज कोमट तेल लावून देत होते. तिला थकवा येई, तर मी म्हणे, बाळ रात्री झोपत नाही, थकवा येणारच. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होते.

बाळ वर्षाचे होऊन गेले तरी केस गळतच होते. शेवटी तिच्या आईने हट्ट धरून रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन फार खाली आले होते आणि थायरॉइडही बिघडले होते. गोळ्या सुरू झाल्या. चार-पाच महिन्यांनी कपाळावर बारीक नवे केस दिसू लागले. थकवा तर त्याच्या कितीतरी आधी गेला.

रेशमाने तिचे काही वाईट केले नाही. वाईट केले ते त्या आठ-नऊ महिन्यांनी, जे आम्ही अभ्रा बदलण्यात आणि तेल लावण्यात घालवले. तुटणारा केस आणि गळणारा केस यांत फरक आहे. केस मधूनच तुटत असेल, टोके फाटत असतील, तर रेशीम, सौम्य शाम्पू, मऊ फडके यांचा उपयोग होतो. केस मुळासकट येत असेल, टोकाला बारीक पांढरा गोळा दिसत असेल, तर तो मुळातून सुटलेला केस. रोज पन्नास ते शंभर केस असे जाणे सर्वसाधारण आहे. त्याहून खूप जास्त जात असतील, भांग रुंद होत असेल, थकवा असेल, पाळी बिघडली असेल, तर उशी बदलू नका, डॉक्टरांकडे जा.

तो अभ्रा अजून सुनेच्या उशीवर आहे. तिला तो आवडतो, गार लागतो म्हणते. वस्तू चांगलीच आहे. फक्त तिच्याकडून आपण काय मागतो आहोत, ते आपल्याला ठाऊक असावे.

पुढच्या महिला बैठकीला मी चिमटा, काडेपेटी आणि पाण्याची वाटी घेऊन येणार आहे. ज्यांना आपल्या 'सिल्क'च्या वस्तूची परीक्षा करायची असेल त्यांनी शिवणीतले दोन धागे घेऊन यावे. संक्रांतीच्या वाणातली रबरे मात्र आणू नका. त्यांचा निकाल मी सांगून टाकला आहे, आणि रबरे तरीही छान आहेत.